स्वस्त टूल ट्रॉली घरच्या वर्कशॉपसाठी पक्की कशी करावी

चाकांवरची, सात ड्रॉवरची पत्र्याची टूल ट्रॉली आता ऑनलाइन मिळते, मुंबईच्या नागदेवीत मिळते आणि पुण्याच्या बोहरी आळीतही मिळते. गॅरेजमध्ये दिसणाऱ्या जाड पत्र्याच्या ट्रॉलीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. दिसायला दोन्ही सारख्याच असतात. फरक कळतो तो सामान भरल्यावर चारसहा महिन्यांनी. चाकं तिरकी होतात, खालचा ड्रॉवर ओढताना नाक खाली टाकतो, आणि मधल्या ड्रॉवरचा तळ खालच्या ड्रॉवरला घासायला लागतो.

या तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. स्वस्त ट्रॉलीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी जाडीचा, म्हणजे २२ गेजच्या आसपास असतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १.२ मिमीचा पत्रा ०.८ मिमीच्या पत्र्यापेक्षा दीडपट नाही, तर सव्वातीन ते साडेतीनपट ताठ असतो. पातळ पत्रा उभा असेल आणि त्याच्या कडेवर ओझं आलं तर तो पुष्कळ सहन करतो; मधोमध आलं की वाकतो. ट्रॉलीच्या उभ्या बाजू म्हणूनच चांगल्या टिकतात. ढिली पडते ती चाकाखालची, ड्रॉवरच्या तळाची आणि चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती लोखंडी पट्टी) अडकवलेली जागा. तेव्हा सुधारणा करायची ती ओझं पत्र्याच्या पोटावरून काढून त्याच्या कडांवर नेण्यासाठी. बहुतेक जण आधी फोम कापायला बसतात. ते सगळ्यात शेवटचं काम आहे.

पुढची मापं बाहेरून ६८० मिमी रुंद आणि ४६० मिमी खोल ट्रॉलीची आहेत. ड्रॉवर आतून साधारण ५६० × ४०० मिमी. तुमची ट्रॉली थोडी वेगळी असेल, तर प्लाय कापण्याआधी मोजून घ्या.

भोक पाडण्याआधी

एकदा ड्रिल लावलं की दुकानदार परत घेणार नाही, म्हणून तपासणी आधी. सगळे ड्रॉवर काढा. टेलिस्कोपिक चॅनलला आतल्या बाजूला काळी प्लास्टिकची जिभली असते. बहुतेक चॅनलमध्ये एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली एकाच वेळी दाबली की ड्रॉवर बाहेर येतो. प्रत्येक ड्रॉवरवर मास्किंग टेपने नंबर टाका. सगळे एकाच मापाचे दिसले तरी प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला असतो, अदलाबदल केली की घासतात.

आता ट्रॉलीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. २ ते ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा वाकडा आहे. पण लगेच दोष देऊ नका: आधी ट्रॉली खात्रीच्या सपाट जागेवर ठेवून पुन्हा मोजा, कारण पातळ सांगाडा जमिनीप्रमाणे वळतो. सपाट जागेवरही फरक तेवढाच राहिला तर ट्रॉली बदलून घ्या. कोपऱ्याला दणका बसलेली पेटी हातोडीने कधीच पूर्ण सरळ होत नाही.

आतल्या सगळ्या कडांवरून जाड कापडाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे बर, म्हणजे पत्रा कापताना राहिलेली धारदार कड आहे. ती बारीक कानशीने काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्वस्त ट्रॉलीने हात कापतो तो याच कडांवर.

सामान

- १८ मिमीचा आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय, अर्धी शीट (४ × ४ फूट). यातून तळाचे ६८० × ४६० चे दोन तुकडे आणि वरचा ७२० × ५०० चा एक तुकडा निघतो; उरलेल्यात पट्ट्या होतात. पाव शीटमध्ये तळाचे दोन तुकडेसुद्धा बसत नाहीत, उगाच तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.
- ४ इंची पीयू (पॉलियुरेथिन) चाकं, चारही फिरणारी, त्यातली दोन ब्रेकची.
- एम-८ चे १६ बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि ३० मिमी व्यासाचे मोठे वॉशर.
- ४५ मिमी उंचीचे टेलिस्कोपिक चॅनल, खालच्या दोन ड्रॉवरपुरते.
- ३.२ आणि ४ मिमीचे पॉप रिव्हेट, रिव्हेट गन, ३.३ आणि ४.१ मिमीचे ड्रिल बिट.
- ३ मिमीच्या एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल) शीटचे तुकडे. साइनबोर्डवाल्यांकडे कटिंग पडलेली असतात, स्वस्तात मिळतात.
- २० × २० × १.५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल, साधारण अडीच मीटर.
- न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू सीलंट, झिंक प्राइमरचा स्प्रे, ६ मिमी प्लाय आणि ३ मिमीची ईव्हीए (मऊ, रबरासारख्या फोमची) शीट.

सिलिकॉनच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून ट्यूबवरचं वाचा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि बंद ड्रॉवरमध्ये ते लोखंडाला गंज आणतं. न्यूट्रल प्रकारचंच घ्या.

तळ: इथे कंजुषी नको

कंपनीने चाकं तळाच्या पत्र्याला कडेपासून तीसचाळीस मिमी आत बसवलेली असतात. ओझं मात्र चॅनलमधून बाजूच्या भिंतीत आणि भिंतीतून खाली उतरतं. म्हणजे ओझं एका रेषेत आणि आधार दुसऱ्या रेषेत. मधल्या तीसचाळीस मिमीत पत्रा पिळला जातो आणि चाक तिरकं होतं. जाड चाक लावून हे थांबत नाही. भिंतीच्या खालच्या कडेला थेट टेकेल असा ताठ पाट खाली हवा.

प्लायचे दोन्ही तुकडे पाण्यात टिकणाऱ्या फेविकॉलने एकमेकांवर चिकटवा. गोंद पूर्ण पृष्ठावर पसरा, ३० मिमीचे स्क्रू दर १५० मिमीवर मारा, रात्रभर दाबून ठेवा. झाला ३६ मिमीचा पाट. त्याच्या चारही कडांना प्राइमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. फरशी पुसताना पाणी लागतं ते कडेलाच, आणि प्लाय पाणी पितो तोही कडेनेच.

ट्रॉली पाठीवर झोपवा, जुनी चाकं काढा. आता तळाचा पत्रा भिंतीच्या कडेच्या पातळीत आहे की आत दबलेला आहे ते बघा. बहुतेक ट्रॉल्यांमध्ये तो १० ते १५ मिमी आत असतो. ती पोकळी तितक्याच जाडीच्या प्लायच्या पट्ट्यांनी, निदान चाकांच्या जागी तरी भरून घ्या. नाही भरली तर बोल्ट आवळताना तळाचा पत्रा खाली खेचला जाईल आणि त्याच्यासोबत बाजूच्या भिंती आत झुकतील. मग ड्रॉवर अडकायला लागले की दोष चॅनलला दिला जातो.

चाकं पाटाच्या कोपऱ्यांत, चाकाची प्लेट कडेपासून १० मिमीवर येईल अशी मांडा. चाकाच्या प्लेटमधून, पाटातून आणि तळाच्या पत्र्यातून आरपार ८.५ मिमीचं भोक पाडा. बोल्ट खालून वर, आत मोठा वॉशर आणि नायलॉक नट. बोल्टची लांबी अशी काढा: प्लेट ३, पाट ३६, भरणीची पट्टी, पत्रा १, वॉशर २, नट ८. पट्टी १२ मिमीची असेल तर ६२ होतात, म्हणजे ६५ किंवा ७० मिमीचा बोल्ट.

चाक किती वजनाचं घ्यायचं? रिकामी ट्रॉली ४५ किलो धरा, सात ड्रॉवरमध्ये सरासरी १२ किलोप्रमाणे ८४, पाट आणि वरचा प्लाय मिळून वीसेक. एकूण दीडशे. याला चारने भागू नका, तीनने भागा. खडबडीत जमिनीवर एक चाक नेहमी अधांतरी असतं. म्हणजे चाकाला ५० किलो. ७५ ते १०० किलो क्षमतेचं चाक पुरेसं आहे. प्लास्टिकची कडक चाकं कोटा किंवा शहाबादी फरशीच्या सांध्यांवर खडखडतात आणि फुटतात, तिथे पीयूच हवं.

ट्रॉली उभी करून पुन्हा कर्ण मोजा. गॅलरीत किंवा गच्चीवर फरशीला पाणी जाण्यासाठी उतार असतोच. शक्य असेल तर उतार ट्रॉलीच्या डावीउजवीकडे येईल अशी जागा निवडा. उतार पुढे असेल तर ड्रॉवर आपोआप उघडतात. ट्रॉली कायम एकाच जागी राहणार असेल तर ज्या कोपऱ्यात कमी पडतं तिथे चाकाची प्लेट आणि पाट यांच्यात वॉशर सरकवा. एक वॉशर साधारण दीड मिमीचा, त्यामुळे दोनतीन वॉशरमध्ये काम होतं. आणि ट्रॉली कधीच हलवायची नसेल तर चाकांचा खर्च सोडाच, पाटाखाली एम-१० चे उंची बदलता येणारे चार पाय लावा. त्याच्याइतकी स्थिर गोष्ट नाही.

चॅनल

सगळे चॅनल बदलण्याची गरज नसते. वरचे चारपाच ड्रॉवर पाने, पेचकस, मोजमापाची हत्यारं यांचे. तिथले मूळचे चॅनल चालतात. बदलायचे ते खालच्या दोन खोल ड्रॉवरचे, जिथे ड्रिल, ग्राइंडर आणि खिळ्यांचे डबे जाणार.

बाजारातल्या ४५ मिमीच्या चॅनलची एक जोडी सहसा ३५ ते ४५ किलोची असते. हा आकडा ओझं ड्रॉवरभर सारखं पसरलेलं असताना आणि सगळे स्क्रू पक्क्या लाकडात बसलेले असतानाचा आहे. स्वस्त ट्रॉलीत चॅनल पत्र्यातल्या खाचेत नुसता अडकवलेला असतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की चॅनलचं पुढचं टोक खाली दाबलं जातं आणि मागचं वर उचललं जातं. मागची पत्र्याची जिभली हळूहळू सरळ होते आणि ड्रॉवर नाक खाली टाकतो. उपाय चॅनल न बदलताही करता येतो: प्रत्येक चॅनलच्या मागच्या टोकाला एक आणि पुढे एक असे दोन रिव्हेट मारा. हे सातही ड्रॉवरना करा. सोपं काम आणि सबंध ट्रॉलीत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा देणारं.

रिव्हेट चपट्या, खोलगट बसणाऱ्या डोक्याचा हवा. साधा गोल डोक्याचा रिव्हेट चॅनलच्या आत एक-दीड मिमी वर राहतो आणि बेअरिंगची पट्टी त्याला आपटते. ड्रॉवर एका ठरावीक जागी दर वेळी ‘टक्’ करून थांबतो. चॅनलमध्ये भोक आधीच खोलगट असतं, तिथे ४ मिमीचा चपटा रिव्हेट बरोबर बसतो. भोक ४.१ मिमीचं. ४.५ झालं तर रिव्हेट फिरत राहील. खालच्या दोन ड्रॉवरना अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्टीलचे रिव्हेट वापरा.

नवा चॅनल बसवायचा असेल तर जागा आधी मोजा. ४५ मिमीच्या चॅनलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी, सुताराच्या भाषेत चार सूत जागा लागते. ट्रॉलीच्या आतली रुंदी वजा ड्रॉवरची बाहेरची रुंदी २५.५ ते २६.५ च्या मध्ये यायला हवी. कमी आली तर ड्रॉवर आत जाणारच नाही; जास्त आली तर त्या फरकाच्या जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चॅनलमागे घाला. मूळचा चॅनल ३५ मिमीचा असेल तर त्याची जाडी व्हर्निअरने मोजा, कारण ती बनावटीगणिक बदलते. जागाच कमी असेल तर ड्रॉवर कापून अरुंद करण्याच्या फंदात पडू नका, त्याच जाडीचा चांगला चॅनल शोधा. लांबी दर दोन इंचांनी मिळते. आतली खोली ४३० मिमी असेल तर १६ इंची, म्हणजे ४०६ मिमीचा.

डावा-उजवा चॅनल एकाच उंचीवर येण्यासाठी टेपवर विसंबू नका. प्लायचा एक ठोकळा योग्य उंचीचा कापा, तो तळावर उभा करून त्यावर चॅनल टेकवा आणि खुणा करा. दोन्ही बाजूंना तोच ठोकळा. एक मिमीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे ड्रॉवर तिरका चालतो आणि बेअरिंग लवकर जातात. आधी पुढचा आणि मागचा एकेक स्क्रू, मग ड्रॉवर चालवून बघणं, आणि त्यानंतरच रिव्हेट.

भोक पाडताना पत्र्यामागे लाकूड धरा, नाहीतर बिट आरपार जाताना पत्रा ओरबाडतो. बुरादा ब्रशने आणि व्हॅक्यूमने लगेच काढा. चॅनलच्या ग्रीसमध्ये अडकलेला लोखंडाचा बुरादा बेअरिंगला सँडपेपरसारखा घासतो. प्रत्येक उघड्या भोकाच्या कडेला झिंक प्राइमरचा ठिपका लावा.

ड्रॉवरचा तळ

रिकाम्या ड्रॉवरच्या तळावर मधोमध अंगठा दाबा. ‘टुक’ असा आवाज येऊन पत्रा खाली-वर होत असेल तर तो भरल्यावर लोंबणार. यावर लोक ६ मिमीचा प्लाय आत टाकतात. खोल ड्रॉवरमध्ये चालतं, पण वरच्या ड्रॉवरची आतली उंची पन्नासेक मिमी असते आणि त्यात मोठे सॉकेट पाने उभे राहायचे असतात. तिथे सहा मिमी फार महाग पडतात. ३ मिमीचं एसीपी इथे सुंदर काम करतं. दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक, त्यामुळे वजन नगण्य आणि ओलावा शोषत नाही.

तुकडा ड्रॉवरच्या आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने २ मिमी लहान कापा. कटरने एका बाजूचा थर चिरून मोडलं की सरळ तुटतं. ड्रॉवरचा चकचकीत रंग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, थिनरने पुसा, पीयू सीलंटच्या रेघा दर ५० मिमीवर मारा, वर एसीपी बसवून विटा ठेवा आणि पूर्ण दिवस तसंच राहू द्या. खरवडलं नाही तर चिकटलेलं दिसतं, पण मेमध्ये पत्रा तापला की एका कोपऱ्यातून सुटतं.

खालच्या दोन खोल ड्रॉवरना बाहेरून तळाला प्रत्येकी दोन अ‍ॅल्युमिनियम अँगल लावा, डावीकडून उजवीकडे. दिशा महत्त्वाची आहे. ड्रॉवर टांगलेला असतो बाजूच्या दोन चॅनलवर, म्हणून ओझं बाजूंकडेच न्यायचं. पुढे-मागे लावलेला अँगल ते ओझं पुढच्या पाटीवर आणि मागच्या पत्र्यावर टाकतो आणि काम अर्धवट होतं. अँगलची टोकं बाजूच्या भिंतीपासून ५ मिमीच्या आत यायला हवीत. ३.२ मिमीचे रिव्हेट दर ८० मिमीवर. खालच्या ड्रॉवरच्या कडेपर्यंत २० मिमी जागा मोकळी आहे ना, ते आधी बघा. नसेल तर १२ × १२ चा अँगल वापरा.

वरचा पाट

वरच्या पत्र्यावर १८ मिमीचा प्लाय, चारही बाजूंनी २० मिमी बाहेर काढलेला. आतून, वरचा ड्रॉवर काढून, पत्र्यातून ८ नंबरचे १६ मिमी लांबीचे स्क्रू वर मारा. १९ मिमीचा घेतलात तर टोक वर येईल. आठ स्क्रू पुरतात. गोंद लावू नका. हा पाट कधीतरी खराब होणार आणि उलटून लावायचा असणार. कडेच्या खाली उरलेल्या प्लायच्या पट्ट्या लावल्या की कडा जाड दिसते आणि क्लॅम्प लावायलाही धरायला मिळतं.

व्हाइस (काम घट्ट धरणारा शिकंजा) लावायचा मोह होतो. चाकांवरच्या ट्रॉलीवर नको. कानस मारली की ट्रॉली हलते, हातोडी मारली की सगळे ड्रॉवर नाचतात, आणि ब्रेक फक्त चाक थांबवतो, ट्रॉलीचं डोलणं नाही. व्हाइसला वेगळं टेबल द्या.

ट्रॉली पुढे कलंडते तेव्हा

महागड्या ट्रॉलीत एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल अशी कडी असते. स्वस्तात ती बहुधा नसते. हिशेब करून बघा. पुढच्या चाकांच्या रेषेपासून रिकाम्या ट्रॉलीचं वजन साधारण १९० मिमी मागे आहे: ४५ × १९० म्हणजे ८५५० चा जोर ट्रॉलीला मागे धरून ठेवतो. २० किलोचा एक ड्रॉवर पूर्ण उघडला की त्याचं वजन चाकाच्या साधारण २४० मिमी पुढे येतं: ४८००. सुरक्षित. तसे दोन उघडले: ९६००. ट्रॉली तोंडावर येते. बाकीचे ड्रॉवर भरलेले असतील तर वाचते, पण नवी ट्रॉली भरताना ते रिकामेच असतात, आणि अपघात नेमका तेव्हा होतो. म्हणून भरायला सुरुवात सगळ्यात खालच्या ड्रॉवरपासून करा आणि एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडू नका.

घरात लहान मुलं असतील तर हे शिस्तीवर सोडू नका. मागच्या वरच्या कडेला, आतून ४० मिमीची पट्टी लावून, एक आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवा आणि भिंतीतल्या ८ मिमीच्या अँकर फास्टनरला आखूड साखळीने अडकवा. ट्रॉली हलवायची तेव्हा हूक काढायचा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा अँकर धरत नाही, तिथे कॉलम किंवा बीम शोधा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. फिरणारं चाक हालचालीच्या मागे राहतं. ट्रॉली जागेवर ठेवताना शेवटचा धक्का भिंतीकडे दिला की चाकं पुढच्या बाजूला वळून थांबतात आणि पुढचा टेकू ३०-४० मिमीने वाढतो. मग ब्रेक लावा.

आतली मांडणी

फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा कोरणं दिसायला फार छान. पण ते कारखान्यासाठी आहे, जिथे संच ठरलेला असतो आणि एक पाना हरवला की लगेच कळायला हवं. घरची हत्यारं वाढत जातात. सहा महिन्यांत नवी पक्कड येते आणि कोरलेल्या फोममध्ये तिला जागा नसते. फोम ठेवा फक्त व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि पटाश्यांसाठी. बाकी ड्रॉवरना ६ मिमी प्लायचे, एकमेकांत खाच करून बसणारे कप्पे करा आणि ते चिकटवू नका. खाचेची रुंदी ६.३ मिमी ठेवा. नेमकी ६ ठेवली तर पावसाळ्यात प्लाय फुगून बसतो आणि निघत नाही.

पाने आडवे पसरले की ड्रॉवर भरून जातो. उभे ठेवले, तर ६ ते ३२ मिमीचा संच साधारण तिसऱ्या हिश्श्यात मावतो. प्लायच्या दोन पट्ट्यांना कंगव्यासारख्या खाचा पाडा आणि त्यात पाने धारेवर उभे ठेवा.

ड्रॉवरला अस्तर म्हणून ३ मिमीचं ईव्हीए किंवा पीव्हीसी मॅट. रद्दीचा पेपर, गोणपाट, कापडी पाठीचं रेक्झिन, सोफ्याचा स्पंज हे सगळं ओलावा धरून ठेवतं. कोकणात स्पंजवर जूनमध्ये ठेवलेली छिन्नी सप्टेंबरमध्ये उचलली की खालच्या बाजूला स्पंजचीच नक्षी गंजात उमटलेली असते.

ट्रॉली सरकवताना ड्रॉवर उघडत असतील तर ड्रॉवरच्या मागच्या पत्र्याला बाहेरून १५ × ३ मिमीचं निओडिमियम चुंबक इपॉक्सीने चिकटवा. ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यापर्यंत अंतर राहत असेल तर मध्ये लोखंडी पट्टीचा तुकडा द्या. चुंबक ड्रॉवरच्या आत लावू नका. पेचकसांची टोकं चुंबकीय होतात आणि सगळीकडचा बुरादा तिथे जमतो.

गंज

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड वेगाने गंजतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याच्या बरीच वर असते. सिलिका जेलच्या पुड्या सगळ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या की काम झालं असं वाटतं, पण आकडे बघा. ट्रॉलीच्या आत साधारण पाव घनमीटर हवा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्यात जवळपास सहा ग्रॅम पाण्याची वाफ. २०० ग्रॅम जेल साधारण पन्नास-साठ ग्रॅम पाणी घेतं. ट्रॉली हवाबंद नाही, आतली हवा दिवसातून कितीतरी वेळा बदलते. जेल दोनतीन दिवसांत थकतं. त्यामुळे जेल वापरायचं ते रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि त्या डब्यात मोजमापाची हत्यारं. जेलचा रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोनतीन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा.

बाकी ट्रॉलीसाठी तेल बरं. मेच्या शेवटी प्रत्येक हत्यार कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा पातळ हात द्या. गंज सोडवण्याचे पातळ स्प्रे या कामाला कच्चे, त्यातला बराच भाग उडून जातो. गंज रोखणारी वाफ सोडणारा व्हीसीआय कागद बंद ड्रॉवरमध्ये चांगलं काम करतो, कारण त्याची वाफ आतच राहते. ड्रॉवर दिवसभर उघडा-बंद होत असेल तर तो वाया जातो.

समुद्राजवळ असाल तर आतली हवा थोडी उबदार ठेवणं सर्वांत खात्रीचं. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३१ ला नेली की आर्द्रता बहात्तरच्या आसपास येते, ३३ ला पासष्टच्या. त्यासाठी कपाटात किंवा कॅमेऱ्याच्या डब्यात लावायचा बंदिस्त, कमी वॅटचा हीटर घ्या. शून्याचा जुना बल्ब उघडा टांगू नका. शेजारी थिनरचं फडकं असेल तर आग लागायला तेवढं पुरतं.

बाजूला विजेचं सॉकेट लावायचं असेल तर

ट्रॉली लोखंडी आहे, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड स्क्रूने लावला म्हणजे अर्थिंग झालं असं समजू नका. बोर्डच्या अर्थपासून वेगळी हिरवी वायर काढा, टोकाला गोल लग दाबा, पत्र्याचा रंग खरवडून चमकतं लोखंड दिसेल तिथे दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळा. १६ अँपिअरच्या बोर्डला २.५ चौ. मिमीची वायर. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, पत्र्याची कड वायरचं आवरण कापते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या. लिथियम बॅटरीचा चार्जर बंद ड्रॉवरमध्ये चालवायचा नाही. वरच्या पाटावर, उघड्यावर.

पुढची देखभाल

पहिल्या महिन्यानंतर चाकांचे सोळाही नट पुन्हा आवळा, प्लाय दबून ते थोडे सैल पडतात. त्यानंतर वर्षातून एकदा पुरे. चॅनल दर चारसहा महिन्यांनी पूर्ण बाहेर ओढून फडक्याने पुसा. लाकूडकाम करत असाल तर ग्रीस भरू नका. लाकडाचा भुसा ग्रीसमध्ये मळून त्याचा लगदा होतो आणि गोळ्या फिरायच्या बंद होतात. जुनं ग्रीस काढून मशीन ऑइलचे दोनतीन थेंब टाका, ड्रॉवर दहाबारा वेळा मागेपुढे करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसून टाका.